साडेतीन हात गजऱ्याचा शर्ट

निर्मळ, ता. ५ जुलै १९९८

प्रिय उर्सुला,

माझं पत्र बघून छातीवर हात ठेवू नकोस, कोणी गेलेलं नाही. उलट आलंय. माझा उमंग माझ्याकडे राहायला आलाय.

तू नाशिकला रॉबर्टकडे राहायला गेलीस आणि इकडचं काहीच तुला कळेनासं झालं. मार्चमध्ये चंदनसारच्या वळणावर उमंगची स्कूटर घसरली. हेल्मेट होतं हो, नव्हतं असं नाही. घरी कपाटावर होतं. धूळ बसू नये म्हणून त्याच्या आईने, हेमांगीने, त्याला पिशवी घालून ठेवली होती. डोक्याला मार बसला. अकरा दिवस पोराला शुद्ध नव्हती. मी त्या अकरा दिवसांत इतके नवस बोलले की आता कोणाचं काय फेडायचं ते आठवत नाही. तुझ्या चर्चच्या दारात पण मेणबत्ती लावून आले. फादर भेटले, म्हणाले जयवंतीबाई, तुम्ही इथे? मी म्हटलं, फादर, आज सगळीकडे अर्ज टाकलेत.

शुद्ध आली, देवाची कृपा. पण उजवा हात अडतो. बोलताना शब्द सापडत नाही, मग चिडतो. सकाळचं दुपारी आठवत नाही. माझा आत्माराम आणि हेमांगी दोघं पहाटे नोकरीला निघतात ते रात्री येतात, घर तिसऱ्या मजल्यावर, म्हणून त्याला माझ्याकडे ठेवलाय. आता खरं सांगू? मला आनंद झाला. लाज वाटते लिहायला. नातवाचं डोकं फुटलं आणि आजी पेढे वाटायच्या बेतात. पण आठवीनंतर हा पोरगा माझ्याकडे तासाभराच्या वर कधी बसला नव्हता, आणि आता चोवीस वर्षांचा घोडा पूर्ण दिवस माझ्या ओटीवर! मी त्याला न्हाऊ घालते, भरवते, शर्टाची बटणं लावते. काल भांग पण पाडून दिला. तो म्हणाला, "आजी, मला... मला..." मी पाणी दिलं, सरबत दिलं, गोधडी घातली, पंखा आणला. शेवटी त्याने बोट दाखवलं. मी त्याच्या चष्म्यावर बसले होते.

दर शनिवारी रिक्षाने वसईला न्यावं लागतं. तिथे बेलाताई म्हणून एक बाई आहेत, डोक्याला मार बसलेल्या माणसांना पुन्हा रोजची कामं शिकवतात. बाई गोड, पण कडक. त्यांनी उमंगला एक वही दिलीय. दिवसभर काय केलं, उद्या कुठे जायचं, सगळं त्याने स्वतः लिहायचं. म्हणाल्या, आजी, काही महिने त्याची आठवण डोक्यात कमी आणि या वहीत जास्त राहणार आहे.

त्याच्या मनात एकच आहे. सोपाऱ्याला स्टेशनजवळ हरिभाऊंचा छोटा कारखाना, तिथे हा यंत्रांची चित्रं काढायचा. हरिभाऊ बघायला आले तेव्हा म्हणाले, "तुझं टेबल मी हलवलेलं नाही. ज्या दिवशी एकटा येशील त्या दिवशी बस." तेव्हापासून दिवसातून दहा वेळा म्हणतो, "एकट्याला जायचंय." होईल म्हणते मी. वही तर तो रोज पानभर लिहितो बघ.

आता पुरे, बोटं दुखली. तिसरीपर्यंत शिकलेल्या बाईने यापेक्षा जास्त लिहू नये.

तुझी,
जयू

*

नाशिकरोड, ता. १६ जुलै १९९८

जयू बाय,

पत्र मिळालं. रडले पण आणि हसले पण. रॉबर्टने विचारलं मम्मी काय झालं, मी म्हटलं जयू उमंगच्या चष्म्यावर बसली. तो म्हणाला, चष्म्याचं काय झालं? तू ते लिहिलंच नाहीस. तुझ्या वजनाचा अंदाज असल्यामुळे आम्ही विचार करणं सोडून दिलं.

आता एक विचारते, रागावू नकोस. उजवा हात अडतो म्हणतेस. सकाळचं दुपारी आठवत नाही म्हणतेस. आणि वही रोज पानभर लिहितो? मी सातवी शिकलेली आहे, तुझ्यापेक्षा चार वर्ष जास्त. मला हा हिशेब जमत नाही.

माझ्या बस्त्यावला अर्धांगाचा झटका आला होता तेव्हा चार वर्ष मी घरात नवऱ्याचं हेच सगळं काढलंय, तुला ठाऊक आहे. तेव्हा मला काय ते खरं लिही.

आणि निर्मळच्या जत्रेत सुकेळी घेशील तेव्हा माझी आठवण ठेव. इथे बाजारात मिळतात ती सुकवलेली केळी चामड्यासारखी असतात.

उर्सुला

*

निर्मळ, ता. २ ऑगस्ट १९९८

प्रिय उर्सुला,

तू पोलिसात असायला हवी होतीस.

ऐक. पहिल्या दिवशी तो वही घेऊन बसला. "आज" लिहिलं. मग पेन्सिल धरून बसला तो बसलाच. कपाळाला घाम. पुढे काय ते आठवेना, आठवलं तर हात वळेना. पेन्सिल फेकून दिली आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. आता शनिवारी बेलाताई कोरं पान बघतील, तो शरमेल, ते मला बघवलं असतं का? म्हणून मी लिहिलं. नुसतं त्या दिवसापुरतं. मग दुसऱ्या दिवसापुरतं. तसं माझं अक्षर मुळातच आजारी माणसाचं, कोणाला शंका यायचं कारण नाही. तीन आठवड्यांनी बेलाताई म्हणाल्या, "उमंग, अक्षर सुधारतंय हं!" उर्सुला, सहासष्ट वर्षांत माझं अक्षर सुधारलं असं पहिल्यांदा कोणीतरी म्हणालं. मी तिथेच फुगले.

पण गोची काय झाली, लिहायला बसलं की मी कोण आहे ते विसरते. एकदा लिहून गेले, "आज हवा पावसाळी, गुडघा फार ठणकतो." शनिवारी बेलाताईंनी पोराचा गुडघा दाबून दाबून बघितला. दुसऱ्यांदा लिहिलं, "वालाचं बिरडं केलं, खोबरं जरा कमी पडलं." त्या म्हणाल्या, अरे वा, स्वयंपाक पण करतोस? तो बिचारा माझ्याकडे बघायला लागला. त्याला वाटलं आपण केलं असेल आणि विसरलो असू. मी घाईने पिशवी आवरायला घेतली.

गेल्या आठवड्यात तर मी कहर केला. लिहिलं, "आज फुलांची करंडी घेऊन सोपाऱ्याच्या बाजारात एकटा जाऊन आलो." तो गेला नव्हता ग. मी मनात त्याला पाठवला आणि लिहून टाकलं. बेलाताईंचा चेहरा असा उजळला की मला माझंच खरं वाटायला लागलं.

हे कोणाला सांगू नकोस. रॉबर्टला पण नको.

चष्मा दोरा बांधून चालवतोय.

जयू

*

नाशिकरोड, ता. ११ ऑगस्ट १९९८

जयवंती,

जयू लिहिलं नाही यावरून ओळख मी किती चिडलेय.

तू शाळेत माझ्या पाटीवरून उतरवायचीस ते ठीक होतं. दोघींना सारखेच फटके बसायचे. पण ही वही त्याची आठवण आहे म्हणालीस ना? मग तू त्याच्या डोक्यात तुझा गुडघा आणि तुझं बिरडं भरून ठेवलंस. त्याचं स्वतःचं कुठे ठेवायचं त्याने?

या शनिवारी जा आणि त्या बाईला सगळं सांग. सांगितलंस की मला लिही. त्याच्या आधी लिहू नकोस.

उर्सुला

*

निर्मळ, ता. २० सप्टेंबर १९९८

प्रिय उर्सुला,

दीड महिना तुला लिहिलं नाही, कारण सांगितलं नव्हतं. दर शनिवारी रिक्षात ठरवायचे की आज सांगते. आणि बेलाताई समोर आल्या की विचारायचे, ताई, पाऊस काय म्हणतोय.

मग व्हायचं ते झालं. त्यांनी वही वाचून ठरवलं, हा सोपाऱ्याला एकटा जाऊन येतो, तर आता बुधवारी हरिभाऊंकडे जाऊन येऊ दे. उमंगला इतका आनंद झाला की त्याने माझा हात धरला, अडलेल्या हाताने. तेव्हा मी बोलायला हवं होतं. तोंडात लाडू धरल्यासारखी गप्प बसले.

बुधवारी नऊला तो निघाला. इस्त्रीचा शर्ट मी घातला, बटणं मी लावली, पैसे मी खिशात ठेवले. नाक्यावर त्याने उलट्या दिशेची एसटी धरली आणि थेट अर्नाळ्याला जाऊन उतरला. दुपारी हरिभाऊंनी शेजारच्यांकडे फोन करून विचारलं, येणार होता ना? आत्मारामला फोन लावायला गेले आणि नंबर विसरले. इतकी वर्ष तोंडपाठ असलेला पोराचा नंबर. तेव्हा कळलं, आठवण जाणं म्हणजे काय.

तिकडे तो अर्नाळ्याच्या स्टॅंडवर बसून होता. आपण कुठे आहोत कळेना. बेलाताईंनी शिकवलेलं तेवढं मात्र त्याला आठवलं, घाबरलास की वही उघड. त्याने उघडली. कुठली गाडी, कुठे उतरायचं, परत कसं यायचं, यातलं एक अक्षर नाही. वालाचं बिरडं आणि गुडघा.

शेजारी एक कोळीण सुके बोंबील बांधत बसली होती. तिने विचारलं, त्याच्या तोंडातून शब्द फुटेना, त्याने वही पुढे केली. ती मोठ्याने वाचत गेली आणि म्हणाली, "ही वही तुजी नाय रं बाला. ही कोन्या म्हातारीनं लिवलीय. पोरांचं गुडगं दुकत नाय." पुढे एका पानावर मी देवळात तळ्याकाठी गेले होते ते लिहिलं होतं. त्यावरून म्हणाली, "निर्मलचा काय तू?" त्याने मान हलवली. तिने टोपली उचलली, त्याला घेऊन एसटीत बसली आणि नाक्यावर विचारत विचारत माझ्या दारात आणून सोडला. पाणी घेतलं, पैसे घेतले नाहीत. जाताना माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "बिरड्यात खोबरं जास्त घाल."

म्हणजे बघ, माझ्या खोट्यानेच तो घरी आला, असं मी मनाला सांगून बघितलं. मनाने पण ऐकलं नाही.

उमंग ओटीवर बसला. वही माझ्यासमोर ठेवली. आणि एका दमात, मध्ये न अडता बोलला, अपघातानंतर पहिल्यांदा सबंध वाक्य.

"आजी, यात मी कुठे आहे?"

शनिवारी मी बेलाताईंना सगळं सांगितलं. रडत सांगितलं, ते पण काम मी त्यांच्यावरच टाकलं, पाणी त्यांनी आणलं. ओरडल्या नाहीत. त्याला नवी वही दिली. आणि एक मला दिली. म्हणाल्या, "आजी, तुम्हाला लिहायला आवडतं ना? गुडघा यात लिहा." मग म्हणाल्या, त्याला वेळ लागेल, सांडेल, चुकेल, तुम्ही फक्त थांबायचं. पण थांबायचं कसं ते सांगितलं नाही त्यांनी. मी जन्मात कधी थांबले आहे का? तूच सांग.

जयू

*

नाशिकरोड, ता. २९ सप्टेंबर १९९८

जयू,

तुला शिव्या द्यायला बसले होते, पण आता दुसरंच लिहिते. हे मी कबुलीला फादरला पण सांगितलेलं नाही.

बस्त्यावला झटका आला तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं होतं, डाव्या हातात चमचा द्या, शिकेल. मी म्हटलं, मी मेले नाही अजून. चार वर्ष मी त्याला भरवलं. सगळा गाव म्हणायचा, उर्सुलाने काय सेवा केली नवऱ्याची. मी म्हणू दिलं. गोड वाटायचं.

एक दिवस मी पापडीला मयताला गेले होते. यायला उशीर झाला. आले तर बस्त्यावने डाव्या हाताने पेजेचं भांडं ओढून जवळ घेतलं होतं. चमचा अर्ध्यावर होता, तोंडापासून चार बोटं. छातीवर सगळी पेज सांडलेली. त्याने माझ्याकडे बघितलं, जयू. तोंड वाकडं होतं तरी हसला. आणि मी काय बघितलं? शर्ट. सकाळीच घातलेला धुतलेला शर्ट. ओरडले त्याच्यावर आणि चमचा काढून घेतला.

त्यानंतर त्याने कधी चमच्याला हात लावला नाही. मी समोर ठेवला तरी नाही. गेला तोपर्यंत.

तू विचारतेस थांबायचं कसं. नुसतं बसून तुला जमणार नाही, मला माहीत आहे. तुझे हात रिकामे राहिले की ते दुसऱ्याच्या तोंडात घास घालायला जातात. तेव्हा हातांना काम दे. तुझ्या वाडीत फुलं आहेत. तो शर्ट घालायला बसला की तू गजरा करायला बस. तो झाला म्हणेपर्यंत गजरा खाली ठेवायचा नाही. घर पेटलं तरी नाही.

आणि सांडलं तर शर्ट बघू नकोस. त्याचं तोंड बघ.

उर्सुला

*

निर्मळ, ता. २५ ऑक्टोबर १९९८

प्रिय उर्सुला,

तुझं पत्र मी देवाच्या फळीवर ठेवलंय. गावात बस्त्यावबद्दल कोणाला सांगणार नाही, आणि तुला पण काही म्हणणार नाही. मी म्हणायच्या लायकीची नाही.

आता ऐक गंमत. तू सांगितलंस तसं दुसऱ्याच दिवशी शर्ट त्याच्यासमोर ठेवला, कागड्याच्या पांढऱ्या फुलांची करंडी माझ्यासमोर ठेवली, दोरा घेतला आणि बसले. त्याने एक बाही घातली. दुसरी सापडेना. मानेमागे शर्ट लोंबतोय, हात हवेत. माझे पाय आपोआप उठायला लागले. मी गाठ मारली, फूल, गाठ, फूल. पहिलं बटण त्याच्या बोटांत येऊन चार वेळा निसटलं. मी इतक्या घट्ट गाठी मारल्या की फुलं गुदमरली असतील. शेवटी पाचवं बटण लागलं तेव्हा गजरा कोपरापासून बोटापर्यंत मोजला. साडेतीन हात! उर्सुला, लग्नाच्या नवरीला पुरून उरेल एवढा गजरा एका शर्टाला. आणि बटणं लावली होती सगळी एक घर सोडून. एक खांदा वर, एक खाली. तो तसाच ओटीवर जाऊन बसला, राजासारखा. शेजारची सावित्री बघायला लागली, तिला मी म्हटलं, आता अशीच फॅशन आहे.

तेव्हापासून माझं घड्याळ हेच. बेलाताईंनी दिलेल्या माझ्या वहीत रोज लिहिते. शर्ट साडेतीन हात. आठ दिवसांनी अडीच. दसऱ्या-दिवाळीचं कौतुक बाजूला ठेव, काल शर्ट सव्वा हात! चहा दोन हात. चप्पल अर्धा हात, पण डावी-उजवी धरून एक हात. शनिवारी बेलाताईंनी माझी वही बघितली आणि खुर्चीत मागे रेलून हसल्या. म्हणाल्या, आमच्याकडे मिनिटं मोजतात, हे बरं आहे. आता तिथल्या बाकीच्या आया पण विचारतात, आजी आज किती हात?

फुकटचे गजरे इतके झालेत की आमच्या आळीत म्हशीच्या शिंगाला पण गजरा आहे.

तो त्याच्या वहीत दोन ओळी लिहितो. डाव्या हाताने. मी बघत नाही. बघते, पण लांबून, आणि माझा चष्मा लांबचा नाही.

एक कबूल करते, मग पत्र संपवते. बेलाताई म्हणाल्या आता त्याने नाक्यावरून सोपाऱ्याची गाडी धरून दोन थांबे जाऊन परत यायचं. मी ओटीवर थांबायचं ठरलं. थांबले होते. पण गजऱ्यासकट उठले, डोक्यावरून पदर ओढला आणि त्याच गाडीत मागच्या दाराने चढले. कोपऱ्यात दोन करंड्यांच्या मागे दडून बसले. नवी नवरी पण एवढा पदर घेत नाही. तेवढ्यात कंडक्टर, आपल्या हरेश्वरचा मुलगा, अख्ख्या गाडीला ऐकू जाईल असा ओरडला, "जयवंतीकाकी, तिकीट! आणि तोंड का झाकलंय, दात काढला काय?"

उमंगने वळून बघितलं. पुढच्या थांब्यावर उतरला आणि चालत घरी आला. दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. शब्द सापडत नव्हते म्हणून नव्हे.

जयू

*

नाशिकरोड, ता. ४ नोव्हेंबर १९९८

जयू,

करंड्यांच्या मागे? तू? दोन करंड्या? तुला लपवायला केळीचा ट्रक लागेल ग.

रॉबर्ट हसून हसून जेवताना ठसकला. पण मी हसले नाही, पहिल्यांदा हसले, मग नाही. तू त्याचा चमचा काढून घेतलास, कळलं का? पुन्हा जाईल तो. जायला हवा. त्या दिवशी तू फाटकाबाहेर पाऊल टाकलंस तर माझी-तुझी साठ वर्षांची मैत्री संपली. येशूशपथ.

परवा मृतांच्या दिवशी इथे सगळे कबरस्तानात मेणबत्त्या लावायला गेले. माझा बस्त्याव निर्मळला, मी इथे. असो.

सुकेळी विसरू नकोस.

उर्सुला

*

निर्मळ, ता. २२ नोव्हेंबर १९९८

प्रिय उर्सुला,

पाऊल टाकलं नाही. आधी ते सांगते, म्हणजे तू पुढचं वाचशील.

जत्रेची गर्दी ओसरली तसा उमंग म्हणाला, "गुरुवारी हरिभाऊंकडे जातो." जातो म्हणाला, जायचंय म्हणाला नाही. बुधवारी स्वतः वहीत लिहून ठेवलं आणि मला वाचून दाखवलं, अडत अडत. "देवळाकडे पाठ करून उभं राहायचं. पाटी वाचायची. कंडक्टरला विचारायचं. शेवटचा थांबा." मी म्हणणार होते, पाण्याची बाटली. जीभ चावली. अजून तिथे फोड आहे.

गुरुवारी त्याने शर्ट घातला, पाऊण हात. नऊला फाटक उघडून गेला. मी ओटीवर बसले आणि कागड्याची करंडी पुढ्यात घेतली.

दहा वाजता चार हात झाला. जायला तेवढं लागतंच. अकरा वाजता अर्नाळ्याची गाडी गेली, तिच्या आवाजाने गाठ चुकली. सात हात. बारा वाजता कागडा संपला. मी अबोलीच्या झाडाशी गेले, ते फाटकाच्या आत आहे, शपथेत बसतं. एक वाजता अबोली पण संपली. सावित्रीला हाक मारून तिची अबोली मागवली. ती म्हणाली, काकी, कोणाचं लग्न आहे? मी म्हटलं, फुलं दे आणि गप जा. दोनदा मी फाटकापर्यंत गेले. दोनदा कडीवर हात ठेवला. दोन्ही वेळा तुझं तोंड डोळ्यासमोर आलं, असं रागावलेलं, लहानपणी मी तुझी बोरं खाल्ल्यावर व्हायचं तसं, आणि परत येऊन बसले. अडीचला फुलं संपली, म्हणून तुळशीची पानं ओवायला घेतली. एकवीस हात झाला होता. माझ्या बोटांना चिरा पडल्या आणि देवांची नावं संपली.

साडेतीनला फाटक वाजलं.

उशीर का झाला, मी विचारलं नाही, उर्सुला. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम ते. त्याने चपला काढल्या, पाणी घेतलं, बसला, आणि मग हळूहळू सांगितलं. पहिल्या गाडीत कंडक्टरने कुठे म्हणून विचारलं आणि सोपाऱ्याचं नाव तोंडात येईना. मागचे लोक घाई करायला लागले. तो उतरला. नाक्यावर दगडावर बसला. रडला थोडा, असं पण सांगितलं. मग वही उघडली. या वेळी वहीत तो होता. दुसऱ्या गाडीच्या कंडक्टरला त्याने ते पान दाखवलं, तिकीट मिळालं, शेवटच्या थांब्याला उतरला. हरिभाऊंनी टेबलावरची धूळ पुसली आणि म्हणाले, बस. डाव्या हाताने त्याने एक रेघ काढली. एकच. वाकडी आली. हरिभाऊ म्हणाले, ही वाकडी आहे, मंगळवारी येऊन सरळ कर. परत येताना थकून स्टॅंडवर तासभर झोपला, त्याला गाडीच्या भोंग्याने जाग आली.

हे सांगताच तो तिथेच आडवा झाला आणि झोपला. वही उघडी पडली होती. कोरं पान, वर पेन्सिल. मी आणि ते पान, ओटीवर दोघंच. माझी बोटं कशी शिवशिवत होती ते तुला कळेल. इतकं छान लिहिलं असतं मी! पेन्सिल उचलली. वहीवर ठेवली. वही बंद केली. गोधडी पण घातली नाही, नोव्हेंबरातलं दुपारचं ऊन होतं म्हणून, आणि सवय लागावी म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने विचारलं, एवढ्या गजऱ्याचं काय करायचं? मी तो केळीच्या पानात पाणी शिंपडून गुंडाळून ठेवला होता. तुझं पत्र मनात होतं. म्हटलं, तुझ्या बस्त्यावआजोबांकडे जाऊ. तुमच्या कबरस्तानात गेलो. क्रुसाला गजरा गुंडाळायचं काम त्याने केलं, एकट्याने, डावा हात पुढे, उजवा मागून मदतीला. दोनदा घसरला. तुळशीची पानं एका बाजूला आली, वाकडंतिकडं झालं, बस्त्याव बोहल्यावर चढल्यासारखा दिसत होता. मी हात पाठीमागे घट्ट धरून उभी होते. तोंड बघत होते.

संध्याकाळी तो वही घेऊन बसला. मी आतून मोजत होते, पण फुलंच नव्हती, म्हणून किती हात ते सांगता येत नाही. खूप वेळ लागला. मग त्याने वही माझ्यापुढे धरली. आदल्या दिवशीचं त्याला दुसऱ्या दिवशी आठवलं होतं, उर्सुला! मी उतरवून काढते, त्याची परवानगी घेतलीय:

"काल एकटा गेलो. एकटा आलो. आज बस्त्यावआजोबांना गजरा घातला. आजीने काहीही केलं नाही."

पन्नास वर्ष या घरात राबले, पाच बाळंतपणं, तीन वाड्या, शेकड्यांनी करंड्या. माझं एवढं कौतुक कोणी कधी केलं नव्हतं.

सुकेळी वेगळी पाठवतेय. पुडा त्याने बांधलाय. सुटला असेल तर सुटू दे.

जयू